हाडांचा जमाखर्च

‘आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं’ हे वाक्य आपण सर्वांनीच कुणाच्या ना कुणाच्या घरी ऐकलेले असते. पुढचे चित्रही ओळखीचे असते. शस्त्रक्रिया, अंथरूण, वॉकर. आणि कालपर्यंत साऱ्या घराचे करणारी बाई पाण्याच्या पेल्यासाठीही दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागते. आपण म्हणतो, फरशी ओली होती. ते खरेच. पण त्याच फरशीवर नातू दिवसातून दोनदा आपटतो आणि हसत उठतो. फरक हाडात आहे. आजींचे हाड मोडले त्या दिवशी. पण ते विरळ होत होते गेली वीस-पंचवीस वर्षे. या गोष्टीत संप्रेरकांचा, म्हणजेच हॉर्मोन्सचा, फार मोठा वाटा असतो. आज त्याविषयीच बोलू या.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते जिवंत आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला असतात. एक प्रकार जुने हाड विरघळवतो, दुसरा त्या जागी नवे हाड बांधतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते; प्रौढ माणसात ते साधारण एक किलो भरते. म्हणजे हा एक जमाखर्चच झाला. बांधकाम जास्त झाले तर शिल्लक वाढते, मोडतोड जास्त झाली तर घटते. कुठल्या वयात काय जास्त व्हायचे, याचे हुकूम बव्हंशी संप्रेरके देतात.

लहानपणी जमा जास्त असते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक सोडते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते; तिथे हाड लांबत जाते आणि मूल उंच होते. थायरॉइडचा स्राव कमी पडला तर ही वाढ खुंटते. पुढे वयात येताना मुलींत इस्ट्रोजेन आणि मुलांत टेस्टोस्टेरॉन कामाला लागते, आणि तिजोरी झपाट्याने भरते. प्रौढपणी आपल्या हाडांत जेवढी खनिजे असतात, त्यांचा सुमारे पाव हिस्सा या काळातल्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो. तिशीच्या आसपास ही जमा थांबते. किती शिल्लक साठणार हे बरेचसे आनुवंशिक असते. पण उरलेला भाग खाण्यावर आणि खेळण्यावर ठरतो. नेमक्या याच वयात आपल्याकडे अनेक घरांत मुलीचे मैदानावरचे खेळणे बंद होते, आणि दुधाचा पेला आधी भावाच्या हातात जातो. त्याचा हिशेब चाळीस वर्षांनी लागतो.

इस्ट्रोजेनला आपण स्त्रीचे संप्रेरक म्हणतो. पण पुरुषाच्या हाडांनाही ते लागते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि तो अजून वाढतच होता. टेस्टोस्टेरॉन त्याच्यात व्यवस्थित होते. मात्र जन्मजात दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकूच येत नव्हता. त्यामुळे हाडांच्या टोकांच्या त्या चकत्या मिटल्या नव्हत्या, आणि हाडे तर तरुणपणीच ठिसूळ झाली होती. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तोही हाड राखतो, हे या एका माणसामुळे ठळकपणे दिसले.

तिशीनंतर काही वर्षे जमा आणि खर्च साधारण बरोबरीचे असतात. या काळात गळ्यातल्या, थायरॉइडच्या मागे असलेल्या चार छोट्या ग्रंथी पहारा देतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातले कॅल्शियम जरा कमी झाले की त्या हाडांतून ते काढायला लावतात. हृदय आणि स्नायू चालू राहायला रक्तात कॅल्शियम हवेच. म्हणून गरज पडली की शरीर हाड मोडून ती भागवते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर आहारातले कॅल्शियम आतड्यात नीट शोषले जात नाही, आणि मग हाच उपसा वाढतो. आपल्याकडे ऊन मुबलक असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. बाळाला अंगावर पाजताना आईच्या हाडांतूनही कॅल्शियम जाते. पण निसर्गाची दया अशी, की पाजणे थांबल्यावर ते बहुतेक भरून निघते.

भरून निघत नाही ते पाळी गेल्यानंतरचे. बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की ठिसूळ हाडांच्या त्यांच्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया पाळी गेलेल्या होत्या. त्याचे कारण पुढे उलगडले. इस्ट्रोजेन हे हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालत असते. अंडाशयाचे काम थांबले की तो आवर सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांची पाचवा हिस्सा हाडे झिजतात. दुखत काहीच नाही. पुढे कधी मनगट मोडते, पाठीचा मणका दबतो, उंची कमी होते, पाठीला बाक येतो. आणि शेवटी खुबा.

आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. पण मला जास्त काळजी वाटते ती शस्त्रक्रियेने तिशीतच पाळी थांबवलेल्या बायकांची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो आपल्याला आठवत असेल. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘पिशवी काढली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. गर्भपिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन चालू राहते. फक्त ते काही वर्षे लवकर आटू शकते. दोन्ही अंडाशयही काढले, तर एका दिवसात इस्ट्रोजेनचा मोठा पुरवठा तुटतो. पस्तिशीच्या बाईच्या हाडांची झीज तिच्या आईच्या वयाची असावी तशी सुरू होते. आणि या बाईला पुढे वीस वर्षे मोळ्या उचलायच्या असतात. काही वेळा, कर्करोगासारख्या आजारात, अंडाशय काढणे अटळ असते. पण ‘पाळीची कटकट नको’ एवढ्या कारणासाठी ते काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

पुरुषांची झीज सावकाश होते, म्हणून ती उशिरा लक्षात येते. मात्र खुबा मोडल्यानंतर दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त आहे. आणि वय कोणतेही असो, स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर हाड पोखरले जाते. सांधेदुखीवर ‘हमखास’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. पण डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड मनानेच एकदम बंद करू नये. ते धोक्याचे असते.

मग करायचे काय? बाहेरून इस्ट्रोजेन देता येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत खुबा मोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. पण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. त्यामुळे हे औषध सरसकट सर्वांना नाही. तरुणपणीच अंडाशय गेलेल्या स्त्रीचा हिशेब मात्र वेगळा असतो. दुसरा काही धोका नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिला ते सहसा दिले जाते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी आणि झीज रोखणारी इतर औषधेही आज उपलब्ध आहेत.

बाकीचे आपल्या हाती आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. शिवाय दूध, ताक, तीळ आहेतच. उन्हात चालावे, जिने चढावेत. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री दिवा असावा.

आणि आज घरी एक काम करा. आईची, मावशीची, शेजारच्या वहिनींची पिशवी काढली असेल, तर शस्त्रक्रियेचा कागद शोधा. अंडाशय ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेले असते. काढले असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हाडांविषयी विचारा. दुखत नाही म्हणून थांबू नका. हाड मोडेपर्यंत ते दुखत नाही.