चित्रओळीत जात आहे, माणूस नाही

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा, म्हणजे मध्य प्रांताचाच भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात गोंडांची छायाचित्रं आहेत: प्रवासाला निघालेले गोंड, बांबूच्या गाड्या घेऊन बाजाराला आलेले गोंड, पायांच्या मागच्या बाजूचं गोंदण दाखवणाऱ्या स्त्रिया. ग्रंथातल्या काही चित्रांखाली ती छापणाऱ्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या छापखान्याचं नाव आहे, पण या गोंड स्त्री-पुरुषांची नावं चित्रओळींत नाहीत. बाजार कोणत्या गावचा, तेही नाही. तो गोंदियातल्या देवरी-सालेकशाकडचा होता की मंडल्याचा, हे चित्रओळ वाचून ठरवता येत नाही.

म्हणून जुन्या चित्राखालची ओळ पुरावा म्हणून नव्हे, तर एका माणसाची साक्ष म्हणून वाचायला हवी, आणि साक्षीची उलटतपासणी करायला हवी. याच खंडातल्या एका चित्राखाली लिहिलं आहे की हा रावणवध असून गोंड त्याच रावणाचे वंशज मानले जातात. पण असं मानणारे कोण? स्वतः गोंड, त्यांचे शेजारी, की नोंद करणारे अधिकारी? आज विदर्भातले अनेक गोंड रावणाला पूर्वज मानतात आणि रावणदहनाला विरोध करतात. मग ज्याला पूर्वज म्हटलं, त्याच्याच वधाच्या चित्रातली माणसं कोण होती, हा प्रश्न उरतोच.

ग्रंथाचा हेतूच जमातींचं वर्णन करण्याचा होता, व्यक्तींचं नव्हे, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे. पण त्यातून नावं का नाहीत एवढंच कळतं. ती शोधू नयेत असं ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शंभर वर्षांनी ओळखणार कोण? कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इन्युइट वृद्धांना जुनी छायाचित्रं दाखवून अनेक नावं मिळवली, पण त्यांतली बरीच चित्रं जिवंत आठवणीच्या टप्प्यात होती. १९१६ च्या ग्रंथातले चेहरे बहुधा आता ओळखले जाणार नाहीत. मात्र गोंदणाचा नमुना, दागिने, गाडीची बांधणी यांवरून मुलूख ओळखू शकणारे जाणकार आजही भेटतील. स्मरण चुकतं, म्हणून सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख नोंदवावी, दोन-तीन जणांकडून पडताळावं.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतले गोंड जमतात. ही चित्रं तिथे मांडावीत, आणि ज्यांच्या पूर्वजांची ती आहेत त्यांनाच आधी विचारावं. घरोघरच्या जुन्या फोटोंनाही हेच लागू आहे. ओळखणारं माणूस हयात आहे तोवर फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.