अदमास आधी, गुणाकार नंतर
पाटीवरचं गणित : भाग ९

मागच्या आठवड्यात संख्या जवळच्या दशकात किंवा शतकात कशी न्यायची ते पाहिलं. ४७ ला ५० म्हणणं मुलांना पटकन जमतं. अडचण सुरू होते ती अशा दोन सोप्या केलेल्या संख्यांचा गुणाकार करताना. आजची उदाहरणं पुलगावच्या कापूस बाजारातली घेतो, कारण वर्धा जिल्ह्यात दिवाळीनंतर घरोघरी हेच आकडे कानावर पडतात.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. समजा, घरचा कापूस १८ क्विंटल भरला. आबाजींसोबत बाजारात आलेल्या पाचवीतल्या नातीने हिशेबाची पट्टी हाती पडायच्या आधी सांगायचंय की रुपये किती येतील. पुस्तकी नियमाने ७,५२१ चे ७,५०० होतात आणि १८ चे २०. उत्तर दीड लाख. खरी रक्कम १,३५,३७८. अंदाज साडेचौदा हजारांनी फुगला, आणि एवढ्या पैशांवर घरात बी-बियाण्याचे बेत ठरतात.

आता १८ ला हातच लावायचा नाही. साडेसात हजार गुणिले १८. अठरा सत्ते एकशे सव्वीस, अठराचे निम्मे नऊ, झाले एकशे पस्तीस. म्हणजे १,३५,०००. चूक फक्त ३७८ रुपयांची.

असं का झालं, हे मुलांना नीट उलगडून दाखवायला हवं. ७,५२१ मधून २१ काढले, तर एवढ्या मोठ्या संख्येला ते जाणवतही नाहीत. पण १८ मध्ये २ घातले की १८ चा नववा हिस्सा वाढला, आणि त्याबरोबर उत्तरही नवव्या हिश्श्याने वाढलं. किती आकडे बदलले हे मोजून उपयोग नाही. मूळ संख्येचा केवढा भाग बदलला, ते बघायचं. म्हणून लहान संख्या जपून बदलावी आणि मोठी बिनधास्त.

वेचणीच्या मजुरीत हे आणखी बोचतं. कापूस ३४ किलो वेचला आणि दर किलोला १२ रुपये धरला, तर मजुरी ४०८ रुपये. नियमावर बोट ठेवून ३० गुणिले १० केलं की ३००. चौथ्या हिश्श्याहून जास्त मजुरी अंदाजातच गेली! ३५ गुणिले १२ केलं असतं तर ४२० आले असते. ‘पाच किंवा पाचाच्या वर असेल तर वर न्या, नाहीतर खाली’ हा नियम एकेकटी संख्या लिहिताना ठीक आहे. गुणाकारात तो डोळे मिटून लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. ३८ गुणिले ४७ मध्ये दोन्ही संख्या वर नेल्या तर ४० गुणिले ५० म्हणजे २,००० येतात. खरं उत्तर १,७८६. दोन्ही चुका एकाच बाजूला साचल्या. एक संख्या वर आणि दुसरी थोडी खाली नेली, म्हणजे ४० गुणिले ४५ केलं, तर १,८०० येतात. चौकटीच्या कागदावर ३८ बाय ४७ चा आयत काढून दोन्ही बाजूंना वाढलेल्या पट्ट्या मुलांनाच रंगवू द्या. चूक कुठून आली ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

दिशा कळली की अंदाज राखणदार होतो. वहीत ४०७ गुणिले २३ असं गणित आहे. मुलाने ३ ने गुणून १,२२१ लिहिले, २ ने गुणून ८१४ लिहिले, पण दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवायची राहिली. बेरीज आली २,०३५. हातचे बरोबर, पाढे बरोबर, बेरीजही बरोबर. म्हणून तो पुन्हा तपासतो तेव्हाही त्याला चूक सापडत नाही. पण आधी समासात ४०० गुणिले २० म्हणजे ८,००० लिहिलेले असते तर? दोन्ही संख्या खाली आणल्या आहेत, तेव्हा खरं उत्तर ८,००० च्या वरच हवं. २,०३५ शक्यच नाही. ओळ सरकवली की ९,३६१ येतात.

ही शिकवण वर्ध्याला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. तिचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकीर हुसेन समितीने गणिताकडून हीच अपेक्षा ठेवली होती की हस्तोद्योगात, घरात आणि गावात उभे राहणारे हिशेब मुलांना झटपट करता यावेत. झटपट हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

वर्गात मात्र ‘अंदाजे उत्तर लिहा’ म्हटलं की बरीच मुलं आधी पूर्ण गुणाकार करतात आणि आलेलं उत्तर जवळच्या शेकड्यात नेऊन ठेवतात. चुकायची भीती असते ना! म्हणून सुरुवातीला पेन्सिल खालीच ठेवू द्यावी. ‘उत्तर हजारात की लाखात?’ एवढंच विचारावं. मग ‘तुझा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त की कमी, आणि कशावरून?’ एका गणिताला वर्गात तीन वेगळे अंदाज आले तर तिन्ही फळ्यावर लिहावेत. कारण सांगता आलं तर तिघांनाही गुण द्यावेत. एकालाच बरोबर ठरवलं की बाकीचे पुन्हा चोरून गुणाकार करू लागतात.

या आठवड्यासाठी एक गणित. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि माल आहे १३ क्विंटल. ५,००० गुणिले १३ म्हणजे ६५,०००. हा अंदाज जास्त आहे की कमी, आणि साधारण कितीने, हे मुलांनी पूर्ण गुणाकार न करता सांगायचं. क्विंटलमागे शंभरेक रुपये जास्त धरले आहेत, एवढा धागा हाती दिला तरी चालेल.

पुढच्या भागात भागाकार घेऊ. तिथे गंमत उलटी आहे. दोन्ही संख्या एकाच दिशेला नेल्या की चुका एकमेकींना खोडतात.