सैनिकांची पत्रे : युद्धेतिहासाचे एक साधन

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. उष्ण प्रदेशाच्या गणवेशात आलेल्या या जवानांना काही आठवड्यांतच चिखलाने भरलेले खंदक, कडाक्याची थंडी व तोफांचा अखंड मारा यांना तोंड द्यावे लागले. ही हालअपेष्टा त्यांच्याच शब्दांत आज वाचावयास मिळते, ती त्यांच्या पत्रांमुळे.

सैनिकांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नसे. पत्र सोबत्याकडून लिहून घेतले जाई आणि गावी ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतले जाई. या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक वाचक होता. हिंदी सैनिकांच्या टपालाच्या तपासणीसाठी १९१४ मध्येच फ्रान्समध्ये स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले व इव्हेलिन हॉवेल हे त्याचे प्रमुख झाले. सर्व पत्रे वाचणे अशक्य असल्याने निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत भाषांतरित करून त्यांचे अहवाल वरिष्ठांकडे धाडले जात. सैन्याचे मनोधैर्य अजमावणे हा त्यामागील हेतू होता.

पत्र तपासले जाते, याची सैनिकांनाही जाणीव होती. म्हणून काहींनी सांकेतिक भाषा योजिली. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक, हा संकेत प्रसिद्ध आहे. जखमा बऱ्या झालेल्यांना पुन्हा आघाडीवर पाठविले जाते, ही तक्रार वारंवार आढळते. त्याचबरोबर फ्रान्समधील शेती व स्त्रीशिक्षण पाहून आपल्या मुलींनाही शाळेत घालावे, असे घरी कळविणारेही सैनिक होते.

मूळ पत्रांपैकी बहुतेक कालौघात नाहीशी झाली. तपासनिसांनी टिपलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. ज्या यंत्रणेने सैनिकाच्या मनावर पाळत ठेवली, तिच्याच दप्तरात त्याचे मनोगत टिकून राहिले. अर्थात निवड तपासनिसाची व शब्द भाषांतरकाराचे, हे ध्यानात ठेवूनच या उताऱ्यांचा अभ्यास करावयास हवा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने फ्रान्सइतकीच महत्त्वाची आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत येथे वेढल्या गेलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अखेरच्या दिवसांत वैमानिकांनी विमानांतून धान्य टाकले. पण ते अपुरे पडले व उपासमारीने खंगलेल्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली.

त्या महायुद्धात गावातून किती जण गेले, याची नोंद असलेल्या शिळा राज्यातील काही गावांत आजही उभ्या आहेत. शिळेवर संख्या असते. माणसाचे सुखदुःख मात्र एखाद्या घरच्या जुन्या ट्रंकेतील पत्रात सापडण्याचा संभव असतो. अशी पत्रे आढळल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांची नक्कल, तारीख, ठिकाण व पलटणीचा क्रमांक नोंदवून घ्यावा. मूळ पत्र कुटुंबाकडेच राहू द्यावे आणि नकलेची एक प्रत ग्रामपंचायतीने आपल्या दप्तरी जतन करावी. कागद जीर्ण होण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे.