अपस्मार आणि आपलीं घरें

पंचवटींतील रामकुंडावर एका पहांटे आमचा पुतण्या स्नानास उतरला असतां एकाएकीं ताठ झाला आणि पायरीवरून पाण्यांत कलंडला. वय तेव्हां ३१. लोकांनीं ओढून वर काढलें. आणि उभा जन्म शाळेंत घालविलेल्या आम्हीं काय केलें म्हणाल, तर चप्पल काढून त्याच्या नाकाशीं धरली! झटका दोन मिनिटांत आपोआप थांबला. श्रेय मात्र चपलेस मिळालें.

पुढें मेंदूच्या डॉक्टरांनीं प्रथम यंत्राला हात घातला नाहीं. त्यांनीं आम्हांसच विचारलें, "तुम्हीं काय पाहिलें?" मान कोणीकडे वळली, डोळे उघडे होते कीं मिटलेले, किती वेळ चाललें, शुद्धीवर आल्यावर बोलणें कसें होतें. आम्हांस एकाहि प्रश्नाचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. या रोगाचें निदान बहुतांशीं पाहणाऱ्याच्या साक्षीवर ठरतें. कारण उभ्याउभ्या येणारी घेरी, रक्तांतील साखर उतरणें, हृदयाचे ठोके चुकणें, मनावरील ताणानें येणारे झटके, हीं सारीं बाहेरून सारखींच भासूं शकतात. उलट एखादा न पडतां क्षणभर शून्यांत पाहत राहतो, उगाच ओठ हलवितो. तोहि अपस्मारच असूं शकतो. १९२४ सालीं हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानें मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्प्रवाहाचा आलेख प्रथम घेतला. त्याचें साहाय्य मोठें. पण दोन झटक्यांमधल्या काळांत तो निर्दोष येऊं शकतो, आणि तेवढ्यानें रोग नाहीं असें ठरत नाहीं.

एमआरआयच्या चित्रांत कारण सांपडलें: पट्टकृमीच्या अळीचा लहानसा कोष. "आपल्या घरांत मांसाहार नाहीं, मग हें कसें?" वहिनींनीं विचारलें. डुकराच्या कच्च्या मांसांतून हा कृमि माणसाच्या पोटांत जातो हें खरें. परंतु पुढें त्याचीं अंडीं त्या माणसाच्या विष्ठेवाटे मातींत, पाण्यांत आणि तेथून नीट न धुतलेल्या कोथिंबिरीवर, काकडीवर येतात. सोंवळ्यांतली कोशिंबीरहि त्यांस वर्ज्य नाहीं.

योग्य औषधानें दहांपैकीं सुमारें सात रुग्णांचे झटके थांबूं शकतात. पुतण्याचेहि थांबले. मग विवाहाची बोलणीं निघालीं आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीं, त्यांत आम्हीहि आलों, रोग झांकला व डॉक्टरांस न विचारतां गोळ्या एकदम बंद करविल्या. आठवड्यानें एकादशीचा उपवास, वर रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवशीं मुलीकडील मंडळींसमक्षच झटका आला. स्थळ मोडलें. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें वारंवार येणारा अपस्मार विवाहास अडसर ठरला होता. १९९९ सालीं तो शब्दच काढून टाकण्यांत आला. कायद्यानें सोडलें तें आम्हीं धरून बसलों होतों.

दुसऱ्या वेळीं पुतण्यानें स्वतःच मुलीस सारें सांगितलें, औषधाची चिठीहि दाखविली. तिनें दोन दिवस मागून घेतले व होकार दिला.

आतां क्वचित् झटका आलाच तर सूनबाई त्याला कुशीवर वळविते, गळ्याचें बटण सोडते, तोंडांत चमचा किंवा पाणी कांहींहि घालीत नाहीं, आणि घड्याळ पाहते. पांच मिनिटांपुढें गेल्यास रुग्णालय गांठावयाचें हें तिला ठाऊक आहे. रामकुंडावर तो एकटा उतरत नाहीं. आमची चप्पल दाराबाहेरच असते.