विजेच्या सायकलचा स्टँड

पाथर्डीहून मोहटादेवीला जाताना चढ लागतो. तिथे साधी सायकल ढकलत न्यावी लागते. विजेची सायकल मात्र चढते. पण ती जड असते. मोटार आणि बॅटरी यांचे पाच-सात किलो वाढतात.

घरी दुरुस्तीला बसलो की पुष्कळ जण सायकल उलटी करतात. विजेच्या सायकलला हे बरे नव्हे. हँडलवर बटणे व वायरी असतात. सारा भार त्यांवर येतो.

त्यापेक्षा स्टँड घ्यावा. एक असतो उंच, शिकंज्याचा. तो सायकल अधांतरी धरतो. उभ्याने काम होते, कंबर वाचते. पण दुकानदाराला आधी विचारा, 'हा किती किलो पेलतो?' आपली सायकल धान्याच्या काट्यावर तोला. स्टँड तिच्याहून जास्त पेलणारा हवा. नाहीतर सायकल पायावर यायची! शिकंजा सीटखालच्या दांडीला लावा. इतर नळ्या चेपतात. चढवायला घरातले कुणी बोलवा.

दुसरा बुटका. तो मागचे चाक जमिनीपासून थोडे उचलतो. चेनला तेल, ब्रेक, एवढ्याला पुरतो. स्वस्तही पडतो. घरच्या कामाला आम्हाला हाच पसंत आहे. फक्त तो फरशीवर ठेवा, मुरमावर डगमगतो.

स्टँड कोणताही असो, आधी किल्ली बंद करून बॅटरी काढा. ओझेही हलके होते. बॅटरी राहिली आणि पोराने मूठ पिळली, तर चाक गरकन फिरते. चेनमध्ये बोटे सापडतात. मोटार चाकात असेल, तर चाक काढण्यापूर्वी तिची वायर सोडवा.