पिशवीचा वाफसा

बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या काळ्या रानात पहिला पाऊस पडला म्हणून लगेच कुणी तिफण धरत नाही. चिखलात बी कुजतं, कोरड्यात करपतं. मूठभर माती दाबावी, ढेकूळ अंगठ्याने सहज फुटावं, तेव्हा वाफसा. गर्भाशयालाही असाच वाफसा येतो, आणि तो महिन्यातून जेमतेम चार-पाच दिवस टिकतो.

पाळी सरली की पिशवीचं अस्तर तीन-चार मिलिमीटर उरतं. इस्ट्रोजेन त्याला वाढवतं; दहा-बारा दिवसांत ते आठ-दहा मिलिमीटरवर जातं. सोनोग्राफीत तेव्हा तीन पांढऱ्या रेघा दिसतात, दोन कडेला, एक मधोमध. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं, अस्तर रसाळ होतं, रेघा पुसट होतात. दिवस राहिले नाहीत तर सगळं गळतं आणि पुन्हा उगवतं, आयुष्यात चारेकशे वेळा, व्रण न ठेवता! आणि याच बीड जिल्ह्यात २०१९च्या शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मला गिळवत नाही.

मूल राहावं म्हणून दिलेली औषधंही या अस्तरापर्यंत पोचतात. क्लोमिफेनमुळे मेंदूला वाटतं, इस्ट्रोजेन आटलं. तो जोर लावतो, स्त्रीबीज पिकतं. पण तीच गोळी अस्तरातही इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते, आणि शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते. म्हणून काही जणींचं बीज तयार असतं, अस्तर मात्र पातळच राहतं. लेट्रोझोल जागा अडवत नाही. ते इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करतं आणि लवकर उतरतं. अस्तराला भरायला वेळ मिळतो.

टेस्ट ट्यूब बेबीच्या इंजेक्शनांची गोष्ट उलटी. एकदम अनेक बीजं पिकतात, इस्ट्रोजेन कितीतरी पट चढतं, कधी प्रोजेस्टेरॉनही वेळेआधी डोकावतं. अस्तर पुढे धावतं आणि गर्भ पोचेपर्यंत वाफसा उडून जातो. अशा वेळी डॉक्टर गर्भ गोठवून ठेवतात आणि पुढच्या एखाद्या महिन्यात सोडतात.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे १९७८ सालीच केलं होतं. बीजं औषधांनी पिकवली, पण गर्भ त्या महिन्यात ठेवला नाही; ५३ दिवस गोठवला, मग औषधाविना आलेल्या पाळीच्या महिन्यात आत सोडला. ३ ऑक्टोबरला मुलगी झाली. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेली हर्षा देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. त्या कामातले त्यांचे सहकारी डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या, आणि जाहीर सांगितलं: पहिला मान त्यांचा.