कान सोनारानेच टोचावेत!

आपल्याकडे म्हण आहे, ‘कान सोनारानेच टोचावेत.’ आईला ते काम जमणार नाही असे नव्हे. पण तिचा हात थरथरतो, मूल तिच्यावर रुसते आणि एकच कान टोचून होतो. सोनार पडला परका. त्याच्या हाताला सवय असते आणि मुलाच्या रडण्याने तो विरघळत नाही. अप्रिय गोष्ट सांगायची तर ती तिऱ्हाइताने सांगावी, हा या म्हणीचा व्यवहारातला अर्थ. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण ही म्हण संगणकाच्या प्रयोगशाळेत इतकी चपखल बसेल, असे मला कधी वाटले नव्हते. गंमत अशी की, तिथे बसवलेल्या साधनाचे नावच मुळी ‘सोनारक्यूब’!

नावाचा आपल्या सराफकट्ट्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत सोनार म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालच्या वस्तूंचा ठाव घेणारे यंत्र. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे २००८ साली सुरू झालेल्या सोनारसोर्स या कंपनीचे हे अपत्य. २०१३ पर्यंत त्याला नुसते सोनार म्हणत. पुढे क्यूब जोडला गेला. त्याचे काम एवढेच, की दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे आणि त्यांतला हिणकस भाग दाखवून द्यायचा. म्हणजे काम सोनाराचेच!

छापण्याआधीचे वाचन

वाचकहो, हा दिवाळी अंक आपल्या हाती पडण्यापूर्वी मुद्रितशोधकाने तो ओळीओळीने वाचलेला असतो. ‘दिन’चा ‘दीन’ झाला तर आपण हसू आणि सोडून देऊ. पण गॅसची नोंदणी, विजेचे बिल, बँकेतले पैसे, मुलांचे निकाल, हे सगळे आज ज्या प्रोग्रॅमांवर चालते, त्यांची मुद्रिते कोण तपासते? तिथली चूक हसण्यावारी नेण्याजोगी नसते.

एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या फोनसाठी घाईघाईने दुरुस्ती पाठवावी लागली. इंटरनेटवरून बोलताना समोरचा खरोखर तोच आहे ना, याची खात्री करून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा पडली होती. छापखान्यात जुळाऱ्याकडून ओळ दुबार जुळली जावी, तशीच. पहिली ओळ अटीला बांधलेली होती, दुसरी मोकाट. परिणाम असा झाला, की तिच्या खालची शेवटची तपासणी कधी होईचना आणि तोतयालाही आत प्रवेश मिळू शकला असता. प्रोग्रॅम मात्र विनातक्रार चालत होता.

‘या ओळीपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही’ ही गोष्ट प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचूनही ओळखता येते. असे वाचन करणारे पहिले प्रसिद्ध साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास तयार केले. त्याचे नाव ‘लिंट’, म्हणजे कपड्यावर चिकटलेले सुताचे गुंजटे. सोनारक्यूब हा त्याच घराण्यातला. फरक इतकाच, की तो एका संगणकावर ठाण मांडून बसतो आणि त्याचा अहवाल सर्वांना आपापल्या ब्राउझरमध्ये पाहता येतो.

आणि तो वाचतो कसा? हे कळल्यावर माझ्यातला व्याकरणाचा मास्तर सुखावला. आपण शाळेत वाक्यपृथक्करण करत होतो ना? उद्देश्य, विधेय, कर्म, विशेषण. तेच! प्रोग्रॅमच्या प्रत्येक विधानाचा तो पदच्छेद करतो, त्याचे झाड मांडतो आणि मग शेकडो नियमांशी ते झाड ताडून पाहतो. कुठली किंमत कुठून आली आणि कुठे गेली, याचाही माग काढतो.

निधीचा प्रश्न

मी या भानगडीत पडलो तो आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य निधीमुळे. निधीचे काम माझ्याकडे आहे. अर्ज कागदावर येत, हिशेब वहीत होत. संगणक विभागाच्या चार विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून या कामाचा प्रोग्रॅम लिहून दिला. तो चालतही छान होता. पण त्यात कोणाचे वडील काय कमावतात, कोणाची आई धुणीभांडी करते, कोणाचे बँकेचे खाते कोणते, हे सारे येणार होते. विभागाच्या मॅडम म्हणाल्या, “सर, मुलांचं काम चांगलं आहे, पण सोनाराला दाखवल्याशिवाय मी वापरायला देणार नाही.” म्हणून बसवण्यापासूनचा सगळा सोहळा मी पाहिला.

प्रयोगशाळेतला जुनाच, पण आठ जीबी स्मृतीचा संगणक त्यासाठी घेतला. वर लिनक्स. सोनारक्यूब जावा या भाषेवर चालतो, म्हणून आधी जावा. कोणती आवृत्ती चालेल हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच. मग डेटाबेस. सोनारक्यूबबरोबर एक छोटा डेटाबेस आयताच येतो, पण तो केवळ चाखून पाहण्यापुरता; कायमच्या संसाराला पोस्टग्रेस-एसक्यूएलसारखा भक्कम डेटाबेस वेगळा बसवावा लागतो. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो बसवला. “पाहुण्यांच्या कपबशीत रोजचा चहा नको,” असे त्यांचे म्हणणे.

तरी पहिल्या दिवशी यंत्र उठेचना. कारणे दोन निघाली. पहिले, एका विद्यार्थ्याने ते संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यातून, म्हणजे ‘रूट’मधून, सुरू केले होते. सोनारक्यूबच्या पोटात इलॅस्टिकसर्च नावाचे शोधयंत्र असते; ते रूटच्या नावाने चालायला साफ नकार देते. आणि ते योग्यच आहे. ज्याला वाचनालयात बसायचे आहे त्याला तिजोरीच्या किल्ल्या कशाला? म्हणून त्याच्यासाठी वेगळे, बेताच्या अधिकारांचे खाते उघडले. दुसरे कारण, एका प्रोग्रॅमला स्मृतीचे किती भाग हाताळता येतील याची मर्यादा त्या संगणकावर ६५,५३० होती. शोधयंत्राला किमान २,६२,१४४ हवी होती. एका आकड्याचा बदल; पण तो सापडेपर्यंत दुपार गेली. सापडला तो नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये. अपयशाचे कारण यंत्र बहुधा लिहून ठेवते, वाचणारा हवा, हा धडा मुलांनी त्या दिवशी घेतला.

अखेर ‘सोनारक्यूब सुरू झाला’ अशा अर्थाची ओळ उमटली. ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता आणि पुढे ९००० हा पोर्ट क्रमांक टाकला, की पान उघडले. वापरणाऱ्याचे नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’!

दाराला लावलेली किल्ली

इथे जरा थांबले पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने एक इशारा दिला होता. त्या वर्षीच्या एप्रिलपासून चोरटे निष्काळजीपणे बसवलेले सोनारक्यूब हुडकत होते. पोर्ट तोच ९०००, नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. आणि दार जगासाठी उघडे. त्या वाटेने अमेरिकेतील सरकारी खात्यांचे व खासगी कंपन्यांचे प्रोग्रॅम चोरीला गेले. दागिने कसाला लावावेत म्हणून सोनाराकडे द्यावेत आणि सोनाराने दुकानाची किल्ली कुलुपालाच लावून ठेवावी, तसे झाले. दोष सोनाराच्या कसबाचा नव्हता. ज्यांनी त्याला बसवले त्यांचा होता. आताच्या आवृत्त्या पहिल्याच प्रवेशाला पासवर्ड बदलायला लावतात.

मॅडमनी तो बदललाच, शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते दिले, यंत्र कॉलेजच्या आतल्या जाळ्यापुरतेच ठेवले आणि डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसरीकडे ठेवली जाईल अशी सोय केली. बाहेरून वापरायचे असेल तर पुढे एक सुरक्षित, सांकेतिक भाषेत बोलणारा द्वारपाल बसवावा लागतो. आम्हाला त्याची गरज नव्हती.

कसोटी

प्रोग्रॅम तपासायला देण्याचे काम ‘स्कॅनर’ नावाचा वेगळा गडी करतो. त्याला प्रकल्पाचे नाव, प्रोग्रॅम कुठे ठेवला आहे ते आणि ‘टोकन’ नावाची ओळखचिठ्ठी द्यायची. दोन मिनिटांत अहवाल पडद्यावर आला. मुले श्वास रोखून उभी, निकालाच्या दिवशी असतात तशी.

किरकोळ दोष पुष्कळ निघाले. त्यांना ‘कोडचा वास’ म्हणतात. दूध नासलेले नाही, पण वास येतो आहे, असा अर्थ. पण दोन गोष्टी गंभीर होत्या. एक, डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅममध्येच ढळढळीत लिहिलेला. म्हणजे ज्याच्या हाती प्रोग्रॅम, त्याच्या हाती सगळ्या अर्जदारांच्या घरची परिस्थिती. मुलांनी तो तिथून काढून सर्व्हरच्या मांडणीत ठेवला. तेवढ्याने भागत नाही. प्रोग्रॅमच्या जुन्या प्रतींत तो उरतोच. म्हणून पासवर्डही नवा केला.

दुसरी गोष्ट वाचून मी खुर्ची पुढे ओढली. ‘या अटीच्या दोन्ही फाट्यांत अक्षरशः एकच मजकूर आहे’, असा तो शेरा होता. अट होती, विद्यार्थी घरून येतो की बाहेरगावचा आहे. बाहेरगावच्या मुलांना खोलीचे भाडे पडते, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे त्यांची रक्कम जास्त. ज्याने ते लिहिले त्याने वरचा मजकूर खाली उतरवला आणि रक्कम बदलायची राहून गेली. करून पाहिलेले सगळे अर्ज घरून येणाऱ्यांचे होते, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. प्रोग्रॅम सुरू झाला असता तर बाहेरगावच्या प्रत्येक मुलाला कमी पैसे मिळाले असते आणि ‘संगणकाने काढलेली रक्कम’ म्हणून कोणी हूं की चूं केले नसते. मागायला आलेला माणूस हिशेब विचारत नाही.

ज्याचा तो भाग होता तो मुलगा स्वतःच बाहेरगावचा. तो गोरामोरा झाला. पण रुसला नाही. मॅडम मला नंतर म्हणाल्या, “मीच सांगितलं असतं तर त्यानं दोन दिवस वाद घातला असता. यंत्राशी काय भांडणार?” मला म्हण आठवली ती त्या क्षणी.

उंबरठा

सोनारक्यूबमध्ये एक उंबरठा असतो. त्याला ‘क्वालिटी गेट’ म्हणतात. मूळ मांडणीप्रमाणे, नव्या मजकुराचा निदान ८० टक्के भाग चाचण्यांखालून गेलेला हवा आणि पुनरुक्ती ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. यातला ‘नव्या’ हा शब्द मोलाचा. जुन्या दोषांचा डोंगर एकदम उपसा, असे तो म्हणत नाही. दिवाळीच्या साफसफाईत सगळा माळा एका दिवसात आवरायला निघालेली माणसे संध्याकाळी पसाऱ्यात बसलेली आपण पाहतोच. त्यापेक्षा आजपासून माळ्यावर नवी अडगळ टाकायची नाही आणि ज्या कोपऱ्यात हात जाईल तो स्वच्छ करायचा, हा मार्ग टिकतो. उरलेल्या दोषांना किती वेळ लागेल याचाही अंदाज तो देतो. त्याला ‘तांत्रिक कर्ज’ म्हणतात. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली दिली. घाईने लिहिले की कर्ज होते. फेडले नाही तर व्याज चढते.

मात्र या सोनाराला सर्वज्ञ समजू नये. व्याकरण शुद्ध म्हणून निबंध खरा असतोच असे नाही. उत्पन्नाची मर्यादा आम्ही चुकीची सांगितली असती, तर त्याने ती मुकाट्याने मान्य केली असती. काही वेळा तो निर्दोष ओळीवरही बोट ठेवतो. तिथे माणसाने कारण लिहून शेरा बाजूला सारायचा. आणि अहवाल म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती मुलांनी आठ दिवस बसून केली, पुन्हा तपासणी झाली, उंबरठा ओलांडला, तेव्हाच निधीचे अर्ज प्रोग्रॅमवर घेतले. या साधनाची सामान्य आवृत्ती फुकट मिळते. खर्च येतो तो विजेचा आणि त्याची निगा राखणाऱ्या माणसाचा.

या दिवाळीत फराळाला आपल्या घरी पुण्या-बंगलोरचे भाचे-पुतणे येतील. त्यांतला एखादा तरी प्रोग्रॅम लिहिणारा असेलच. चकली पुढे करताना त्याला सहज विचारा, “काय रे, तुमच्याकडे सोनार आहे का? आणि त्याच्या दुकानाची किल्ली बदललीत ना?” आणि तो उत्तर शोधत असेल तोवर आपल्या घरच्या वायफायच्या डबीचा पासवर्ड, ती बसवली त्या दिवशीचाच आहे का, तेवढे पाहून घ्या.